चाळून घेतलेली माती

दहा दिवस छातीतल्या कफानं घरात पडून राहिल्यावर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हिरवळ सांभाळणारा क्लिफर्ड पिलिंग क्लबवर आला. शेडचं कुलूप काढलं, गवत कापायचं मशीन बाहेर ओढलं, हिरवळीकडं बघितलं आणि मशीन पुन्हा आत ढकलून ठेवलं.

हिरवळ निळी झाली होती.

सगळी नव्हे. पण जिथं गेल्या वर्षीपर्यंत नुसतं गवत होतं तिथं बोटभर उंचीची निळी फुलं माना खाली घालून उभी होती. शेकड्यांनी होती. कडेला होती, मधल्या उंचवट्यावर होती, आणि पलीकडच्या उतारावर तर इतकी दाट की गवताचा रंगच दिसत नव्हता.

ती सिलाची, वसंतात कंदातून वर येणारी फुलं होती, हे त्याला लांबूनच कळलं. एकोणीस वर्षं त्यानं ती रोज बघितली होती, पण फळ्यांच्या पलीकडं. बार्डसवर्थच्या बोलिंग क्लबची, म्हणजे गवतावरून गोळे घरंगळवायच्या खेळाची, हिरवळ चाळीस पावलं लांब, चाळीस रुंद, मधे कासवाच्या पाठीसारखी उंच, आणि चारही बाजूंनी फळ्यांनी बांधलेली. दक्षिणेकडच्या फळीला लागून त्याच्या बायकोचा, ऑड्रीचा, वाफा होता. आता तिथं खडी होती. त्या खडीत एकही फूल नव्हतं.

पहिल्या सामन्याला सोळा दिवस राहिले होते.

क्लिफर्ड गुडघ्यावर बसला आणि खिशातल्या चाकूनं एक कंद उकरून काढला. कंद चार बोटं खोल होता, सुपारीपेक्षा लहान. तो निघाला, पण मागं अंगठ्याएवढं भोक राहिलं. असल्या भोकावरून खेळणाऱ्याचा गोळा गेला की तो उडी मारतो आणि भलतीकडंच जातो. तासाभरात त्यानं अकरा कंद काढले, अकरा भोकं बुजवली, आणि मग कंबर धरून उभा राहिला. फवारणीचा उपयोग नव्हता. सिलाच्या पानावर मेणासारखी चकाकी असते, औषध ओघळून जातं आणि शेजारचं गवत तेवढं जळतं. मार्ग एकच होता. आत्ताच मशीन खाली उतरवून सगळं कापायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा कापायचं, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. पान नाही मिळालं की कंद उपाशी राहतो. दोन-तीन वसंत असं केलं की संपतो. शेजारपाजारच्या चार माणसांना त्यानं स्वतः हा उपाय सांगितला होता.

तरी त्यानं त्या दिवशी मशीन काढलं नाही.

नॉर्मन टॅटरसॉल अकराच्या सुमाराला आला. तो क्लबचा अध्यक्ष, पूर्वी बस चालवायचा, आणि गावातला सगळ्यात चांगला खेळाडू तोच, हे तो स्वतःच सांगायचा.

"काय रे क्लिफ, आम्हाला वाटलं गेलास."

"अजून नाही."

"मग हे काय? लग्नबिग्न आहे का इथं कुणाचं?"

"सिला आहे."

"ते मलाही दिसतंय." नॉर्मन फळीवर एक पाय ठेवून बघत राहिला. "ऑड्री काही तुला सोडत नाही बघ. तिचा वाफा खणायला लावलास, तर आता हिरवळीवरच येऊन बसली."

क्लिफर्डनं चाकू मिटून खिशात टाकला. नॉर्मननं पाय खाली घेतला आणि बुटाला नसलेला चिखल पुसला.

"म्हणजे मला तसं म्हणायचं नव्हतं."

"कळलं मला."

"मंगळवारी बसू या आपण. डोरीनला सांगतो. लीगला पत्र पाठवून सामना पुढं ढकलायला लागेल." जाता जाता तो वळला. "आणि त्या कंत्राटदाराचं पण एकदा बोलून घेऊ. तुझंही वय झालंय, क्लिफ. यात कमीपणा काही नाही."

कंत्राटदाराचं हे दोन वर्षं चाललं होतं. वीस मैलांवरून एक माणूस मोठी मशीनं घेऊन यायचा आणि तीन गावांच्या हिरवळी सांभाळायचा. नॉर्मनला तो हवा होता. क्लबची सचिव डोरीन हॅसलम प्रत्येक वेळी म्हणायची, क्लिफची काही चूक दाखव, मग बघू. आणि चूक दाखवता येत नव्हती.

क्लिफर्डला हिरवळीशिवाय सकाळी उठायला दुसरं कारण नव्हतं. ऑड्री जाऊन गेल्या महिन्यात दोन वर्षं झाली होती. घरी स्वयंपाकघरात दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. एकीवर बसलं की दुसरी दिसायची, म्हणून तो दुपारचं सँडविच डब्यात घालून क्लबवर घेऊन यायचा आणि शेडच्या पायरीवर बसून खायचा. क्लबवर त्याला बरं वाटायचं. घरात ती नसणं नवं होतं. इथं ती नसणं जुनंच होतं, कारण वाफा गेला त्या दिवसापासून तिनं इथं पाऊल टाकलं नव्हतं.

साडेतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा सिला वाफ्यातून फळीखालून वितभर आत आली होती. जास्त नाही, आठ-दहा झुबके. पण वसंतातल्या एका सामन्यात नॉर्मनचा गोळा त्यातल्या एकाला अडला आणि तो हरला. सप्टेंबरच्या वार्षिक बैठकीत त्यानं तो विषय काढला. सगळ्यांनी क्लिफर्डकडं बघितलं. हिरवळ त्याची आणि बायकोही त्याची. क्लिफर्ड उभा राहिला आणि म्हणाला की वाफा काढायला हवा, फुलं कुठंही येतील, हिरवळ एकच आहे. ऑड्री मागं उभी राहून चहा ओतत होती. घरी त्यानं तिला आधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि उरलेल्या तीन कपांत चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी रबरी बूट घालून ती आली आणि तिनं एकटीनं सगळा वाफा खणून काढला. दोन दिवस लागले. क्लिफर्ड तेव्हा मुळांना हवा मिळावी म्हणून हिरवळीला बारीक भोकं पाडत होता, तीस पावलांवर. त्यानं एकदाही मान वळवून तिकडं बघितलं नाही. मदत करायला गेलो तर ती बोलेल, आणि बोलली तर आपल्याला उत्तर द्यायला लागेल, असं त्याला वाटत होतं. तीन आठवडे दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलले. मग हळूहळू बोलायला लागले. पण वाफ्याविषयी कधीच नाही. आणि तिनं त्यानंतर घराच्या अंगणातसुद्धा काही लावलं नाही.

सोमवारी ऊन पडलं. क्लिफर्ड पायरीवर बसून अंड्याचं सँडविच खात होता. ऊन तिरपं होतं आणि फुलं उघडली होती. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की फुलं विखुरलेली नाहीत.

ती गोल डागांत आली होती. एक डाग, मग मोकळं गवत, मग दुसरा डाग. प्रत्येक डागापासून निळ्याचा एक पट्टा वर उंचवट्याकडं गेला होता आणि जाता जाता विरळ झाला होता. त्यानं डबा बाजूला ठेवला आणि चालून बघितलं. एका डागापासून दुसरा सहा पावलांवर. तिथून तिसरा सहा पावलांवर.

वारा सहा पावलं मोजत नाही. बी वाहून नेणाऱ्या मुंग्याही मोजत नाहीत. सहा पावलं मोजायचा तो स्वतः. दर शरद ऋतूत, खेळ संपला की, हिरवळीला वरची माती द्यायची असते. एकचाकी गाडी भरून आणायची, सहा पावलांवर ओतायची, पुढची त्याच्या पुढं सहा पावलांवर, आणि मग दंताळ्याच्या पाठीनं उंचवट्याकडं ओढत नेऊन पसरायची. एकेका गाडीचा एकेक डाग होता तो.

माती विकत मिळते. पण विकतची माती घालणाऱ्या माणसाला क्लिफर्ड हिरवळ सांभाळणारा समजतच नसे. त्याच्या वडिलांनी आणि वडिलांच्या आधी त्यांच्या काकांनी शेडमागं गवताच्या कापलेल्या ढेपा रचून, कुजवून, माती तयार केली होती, आणि तोही तेच करत होता. शेडमागं ढीग एकच होता. खणलेली माती टाकायला जागाही तेवढीच होती. ऑड्रीनं वाफ्याची माती तिथं नेऊन टाकली असणार. दुसरीकडं कुठं टाकणार? आणि पुढच्याच आठवड्यात त्यानं तो ढीग वरून उपसला, चाळला आणि गाड्या भरून हिरवळीवर घातला. ती कुठं टाकते हे त्यानं बघितलं नव्हतं, कारण तो तिच्याकडं बघतच नव्हता.

चाळणीत मोठे कंद अडकले होते. ते त्यानं फेकल्याचं आता त्याला आठवलं. जुन्या झुबक्यातले असतील, एवढाच विचार तेव्हा केला होता. तांदळाच्या दाण्याएवढे कंद आणि एकोणीस वर्षांचं बी मात्र चाळणीतून खाली गेलं. ते रुजायला, मोठं व्हायला, फूल धरायला तीन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी पान गवतासारखंच दिसतं. दुसऱ्या वर्षी ऑड्री हॉस्पिटलमध्ये होती आणि मग नव्हती. तेव्हा आणि त्याच्या पुढच्या वर्षीही त्यानं कुठलं पान कसलं ते बघितलं नव्हतं.

सँडविचचा अर्धा तुकडा त्यानं डब्यात परत ठेवला.

मंगळवारी अकरा वाजता क्लबच्या लाकडी खोलीत तिघं बसले. डोरीननं हीटर लावला होता. चहा आणि आल्याची बिस्किटं होती. डोरीन ऑड्रीच्या शाळेपासूनची मैत्रीण, बाई स्पष्ट बोलणारी.

"खोकला कमी झाला का?" तिनं विचारलं.

"झाला."

"सूप प्यायलास का मी दारात ठेवलेलं?"

"प्यायलो. मीठ कमी होतं."

"म्हणजे बरा झालास." तिनं चष्मा लावला. "मी लीगला पत्र लिहिलंय. वाचते. 'आमच्या क्लबच्या दिवंगत सदस्या श्रीमती ऑड्री पिलिंग यांनी लावलेल्या कंदांचा प्रसार हिरवळीत झाल्यामुळे मैदान तयार होण्यास विलंब होत असून, पहिला सामना दोन आठवडे पुढे ढकलण्याची विनंती आहे.'" वाचताना तिनं क्लिफर्डकडं बघितलं नाही.

"छान आहे," नॉर्मन म्हणाला. "दिवंगत लिहिलंयस ते बरं केलंस. लीगवाले त्यावर काही बोलणार नाहीत."

"ते खोड," क्लिफर्ड म्हणाला.

"काय खोडू? दिवंगत?"

"तिचं नाव. आणि लावलेल्या कंदांचं. तिथं लिही, हिरवळ सांभाळणाऱ्याच्या चुकीमुळं."

नॉर्मननं कप खाली ठेवला. क्लिफर्डनं सगळं सांगितलं. ढीग, चाळणी, सहा पावलं. खिडकीतून बोट दाखवून त्यानं त्यांना डाग मोजायला लावले. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"तू चाळली नव्हतीस?" नॉर्मननं विचारलं.

"चाळली. मोठे वर राहिले, बारीक खाली गेले."

"आणि वीस वर्षं तू आम्हाला चाळणीवर व्याख्यानं देतोयस."

"हो."

"बाहेरची माती हिरवळीवर येऊ द्यायची नाही, असं कोण म्हणायचं?"

"मीच."

नॉर्मननं खुर्ची हीटरजवळ ओढली. मग त्याचा आवाज खाली आला. "हे बघ, क्लिफ. कुणी तुला विचारलेलं नाही. पत्र आहे तसं जाऊ दे. हे तू सांगितलंस तर मला कंत्राटदाराला थांबवता येणार नाही. उद्या सदस्य मलाच विचारतील. आणि ऑड्रीला आता काय फरक पडतो?"

"तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. तिला काय फरक पडतो, दुसरीकडं लावेल."

"मी म्हणालो होतो?"

"तू म्हणालास, आणि मी मान हलवली."

डोरीननं पत्रावर रेघ मारली आणि वर नवीन ओळ लिहिली. तिचं अक्षर मोठं होतं, लिहायला वेळ लागला.

"हा मोसम तूच कर," शेवटी नॉर्मन म्हणाला. "ऑक्टोबरपासून तो माणूस येईल. मी आता फोन करतो." दारापाशी थांबून तो म्हणाला, "मला वाटलं होतं तू भांडशील तरी." मग तो गेला.

क्लिफर्डनं बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून कपात पडलं. डोरीन पत्राची घडी घालत होती आणि पुन्हा उलगडत होती.

"तिला माहीत होतं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ऑड्रीला. ती हातमोजे विसरली होती, ते न्यायला आली होती. कुंपणापलीकडून बघितलं तिनं तुला. बाह्या वर करून चाळत होतास. तशीच माझ्याकडं आली. म्हणाली, डोरीन, क्लिफ माझा वाफा चाळतोय." डोरीननं चष्मा काढला. "इतकी हसली की खुर्ची ओढून बसायला लागलं तिला. मी म्हटलं, अगं जाऊन सांग त्याला. तर म्हणाली, सांगेन की, तीन वर्षांनी. तोपर्यंत बोलायला लागलेले असू. म्हणाली, फुलं आली की मला त्याचं तोंड बघायचंय."

क्लिफर्डनं कप बाजूला सरकवला.

"ती रागावली नव्हती?"

"रागावली होती. आदल्या आठवड्यात रडलीसुद्धा. काय बोलली ते मी तुला सांगणार नाही. पण त्या दिवशी हसत होती, हे खरं आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनं शपथ घातली होती. मग ती गेली." डोरीननं कप गोळा केले. "तिच्या मागं तुझा चेहरा बघून मला ते सांगायचा धीर झाला नाही. हसायची गोष्ट होती ती, क्लिफ. तिच्याशिवाय सांगितली असती तर तू रडला असतास."

नळाचा आवाज आला. कप धुऊन ती परत आली, पण बसली नाही. त्याच्यासमोर उभी राहिली.

"जरा इकडं बघ."

त्यानं वर बघितलं. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, घाई न करता.

"कसं आहे तोंड?" त्यानं विचारलं.

"म्हाताऱ्याचं," डोरीन म्हणाली. "नाक पूस." मग तिनं कोट घातला. तिला नातवंडांना शाळेतून आणायचं होतं.

ती गेल्यावर क्लिफर्ड हिरवळीच्या कडेला जाऊन उभा राहिला. तीन वर्षं हे त्याच्या पायाखाली होतं. ऑड्री टेबलापलीकडं बसून त्याला विचारायची, आज काय केलंस, आणि तो म्हणायचा, काही नाही, माती दिली, गवत कापलं. ती म्हणायची, बरं. त्या बरंमध्ये काय होतं ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं. त्यानं ते आठवून बघितलं. त्याला शब्द आठवला, आवाज नीटसा आठवला नाही.

मग त्यानं शेड उघडलं. मशीन बाहेर काढलं, पाती खाली उतरवली. एक-दोन दिवस थांबता आलं असतं, पण त्यात अर्थ नव्हता. फूल गेलं की बी धरतं, आणि बी धरलं की पुढची तीस वर्षं कुणीतरी हेच करत राहतं. त्यानं दक्षिणेच्या फळीपासून सुरुवात केली. सरळ रेषेत गेला, वळला, परत आला. मशीनच्या पेटीत निळं आणि हिरवं एकत्र पडत होतं. चार वेळा पेटी भरली. चारही वेळा त्यानं ती ढिगावर नव्हे, पोत्यात रिकामी केली आणि पोत्याचं तोंड बांधलं. दीड तासात हिरवळ हिरवी झाली. जवळून बघितलं तर कापलेल्या पानांचे पांढरे बुंधे दिसत होते.

पुढच्या मंगळवारी त्यानं पुन्हा कापलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा.

सामना एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी झाला. उंचवट्याच्या पलीकडची बाजू खडबडीत होती, गोळे तिथं मंद व्हायचे. नॉर्मन तीन गुणांनी हरला आणि सरळ क्लिफर्डकडं आला.

"तुझ्या त्या उतारामुळं हरलो मी."

"हो," क्लिफर्ड म्हणाला. "माझीच चूक."

नॉर्मन पुढचं वाक्य तयार ठेवून आला होता. ते त्यानं तसंच गिळलं आणि चहा घ्यायला गेला.

पाचच्या सुमाराला सगळे निघाले. काही जण चालत, काही गाडीनं. दोघांनी क्लिफर्डला विचारलं, सोडू का घरी. तो म्हणाला, फळ्या बघून येतो. त्यानं फळ्यांच्या बाजूनं एक फेरी मारली. गवत वाढायला लागलं होतं, पांढरे बुंधे आता दिसत नव्हते. खाली कंद होते. पुढच्या मार्चमध्ये ते थोडे कमी येतील, त्याच्या पुढच्या मार्चमध्ये आणखी कमी. त्यांना कापायला तेव्हा तो कंत्राटदार असेल. ही कुणाची फुलं, हे त्याला ठाऊक नसेल, आणि कापणाऱ्याला ते ठाऊक असायची गरजही नसते.

त्यानं शेडला कुलूप लावलं आणि घराकडं निघाला.